पंजाब मेल: बोरीबंदरहून अटकेपार

१९१२ च्या ऑक्टोबरात एका चिडलेल्या प्रवाशाने रेल्वेकडे तक्रार नोंदवली. मुंबईहून निघालेली गाडी दिल्लीला काही मिनिटे उशिरा पोहोचली, एवढेच त्याचे म्हणणे होते. वाटेत सह्याद्रीचा घाट, तापी, सातपुडा, नर्मदा, विंध्य, बेतवा आणि चंबळ; पंधराशे किलोमीटरहून जास्त मजल; आणि भांडण मिनिटांवरून. त्या तक्रारीवर पुढे काय कारवाई झाली, यापेक्षा ती शिल्लक राहिली हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. पंजाब मेल पहिल्यांदा कधी धावली, हे ठामपणे सांगणारा कागद रेल्वेच्या दप्तरात नाही. १९११ च्या सुमाराचे खर्चाचे एक टिपण आणि ही १२ ऑक्टोबरच्या आसपासची तक्रार, एवढ्या दोन धाग्यांवरून रेल्वेने १ जून १९१२ हा तिचा जन्मदिवस ठरवला. पुढे दख्खनची राणीही १९३० साली १ जूनलाच सुरू झाली. त्यामुळे मध्य रेल्वेवर दर जूनच्या पहिल्या तारखेला दोन वाढदिवस असतात. राणीच्या वाढदिवसाला केक कापले जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. पंजाब मेल तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी, पण तिच्या वाट्याला ते कौतुक तितकेसे आले नाही.

हा लेख तिच्यासाठी आहे.

तिची वाट एकाच कंपनीने एका दमात बांधलेली नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे लोकांच्या तोंडची जी.आय.पी., १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि १८६५ पर्यंत कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला पोहोचली. भुसावळ, खांडवा, इटारसी करत १८७० साली ती जबलपूरला कलकत्त्याच्या रुळांना मिळाली. तोवर उत्तरेकडे सरळ जाणारी वाट नव्हतीच. दिल्ली गाठायची तर अलाहाबादचा मोठा वळसा घ्यावा लागे. इटारसीहून नर्मदा ओलांडून भोपाळपर्यंतचा लोहमार्ग १८८० च्या दशकात झाला, तो भोपाळच्या बेगमांनी पैसा पुरवला म्हणून. आग्रा ते ग्वाल्हेर या तुकड्याला जयाजीराव शिंद्यांच्या खजिन्यातून कर्ज मिळाले. मधला भोपाळ-झाशी-ग्वाल्हेर हा पट्टा इंडियन मिडलँड रेल्वेने जोडला आणि ती कंपनी १९०० साली जी.आय.पी.त विलीन झाली. आग्र्याहून मथुरेमार्गे दिल्लीला जाणारा थेट फाटा १९०४ साली खुला झाला. साहेबांची म्हणून जी गाडी पुढे मिरवली, तिच्या चाकांखालच्या रुळांत बेगमेचा आणि शिंद्यांचा पैसा होता, हे विसरून चालणार नाही.

रूळ जुळले तेव्हा प्रतिस्पर्धीही तयार होता. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने, म्हणजे बी.बी.सी.आय.ने, १९०९ साली नागदा ते मथुरा हा रुंद मार्ग पुरा केला आणि मुंबईहून दिल्लीला जाणारी दुसरी, कमी अंतराची वाट उघडली. तिकडे घाट नव्हता. त्यातच १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवत असल्याची घोषणा केली. आता मुंबई हे विलायतेहून येणाऱ्याचे पहिले पाऊल आणि दिल्ली हे त्याचे मुक्कामाचे ठिकाण. पुढच्याच जूनमध्ये मुंबईहून दिल्लीमार्गे थेट पेशावरला जाणारी जलद गाडी निघावी, यामागे घोषणेचा किती हात होता हे सांगता येत नाही. खर्चाचे टिपण घोषणेच्या सुमाराचे आहे एवढे खरे. पण गाडीला वेळ मात्र अचूक सापडली.

तिचे पहिले नाव पंजाब लिमिटेड. ती रोज धावत नसे. पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटी ठरलेल्या दिवशी विलायतेची डाक घेऊन मुंबईला लागत आणि त्या डाकेच्या दिवशीच लिमिटेड सुटे. साउदॅम्प्टनहून मुंबईपर्यंतचा प्रवास तेरा दिवसांचा. आगबोटीवरच्या पत्रांची वर्गवारी मुंबईच्या धक्क्यावर होईतो थांबायलाही सरकार तयार नव्हते. पहिल्या महायुद्धापर्यंत एडन ते मुंबई या टप्प्यात बोटीवरच एक सागरी टपाल कार्यालय चाले आणि टपालखात्याची माणसे हेलकावणाऱ्या बोटीत थैल्या फोडून लाहोरची पत्रे वेगळी, मद्रासची वेगळी, कलकत्त्याची वेगळी करून ठेवत. बोट धक्क्याला लागली की थैल्या गाडीत चढत. माणसांचेही तसेच. सरकारी अधिकाऱ्याच्या हातात आगबोटीचे आणि रेल्वेचे एकत्र तिकीट असे. तो बोटीतून उतरून गाडीत बसे आणि मुंबई शहर बघायच्या आतच मुंबई सोडे.

गाडीला डबे सहा. त्यातले तीन डाकेचे आणि तीन माणसांचे. माणसांच्या तीन डब्यांत मिळून ९६ प्रवासी मावत. आज तिच्याच एका शयनयान डब्यात ८० जणांची निजायची सोय असते आणि बसलेल्यांची मोजदाद कोणी करत नाही. त्या वेळचे डबे पहिल्या वर्गाचे, दोन-दोन निजायच्या बाकांच्या खोल्यांचे, एका बाजूने आरपार बोळ असलेले. न्हाणीघर होते, जेवणाचा डबा होता, सामानासाठी जागा होती, आणि साहेबांच्या नोकरांसाठी एक वेगळा कप्पा होता. त्या कप्प्यात बसलेले खानसामे, पट्टेवाले आणि आया हेच या गाडीतले पहिले हिंदी प्रवासी म्हणायला हवेत. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

मुंबई ते पेशावर छावणी, २,४९६ किलोमीटर, सुमारे ४७ तास. फाळणीपूर्व हिंदुस्थानातली सर्वांत वेगवान गाडी असा तिचा लौकिक होता. दिल्लीच्या पुढे पंजाब, मग लाहोर, रावळपिंडी, आणि अटकेला सिंधू नदी ओलांडणारा १८८३ सालचा लोखंडी पूल. मराठी माणसाला इथे थांबावेच लागते. १७५८ साली राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजा लाहोरला पोहोचल्या, तुकोजी होळकर आणि साबाजी शिंदे यांच्या तुकड्या अटक-पेशावरपर्यंत गेल्या. ते वर्ष आपण अजून अभिमानाने सांगतो. त्यानंतर दीडशे वर्षांनी मुंबईत तिकीट काढून तिसऱ्या दिवशी कोणालाही अटकेपार जाता येऊ लागले. फक्त तिकीट परवडायला हवे, आणि सुरुवातीला तर कातडीचा रंगही बरोबर असायला हवा होता.

आधी बंदरातून सुटणारी ही गाडी १९१४ पासून बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून सुटू लागली. पुढे लिमिटेडची मेल झाली आणि ती रोज धावू लागली. १९१४ साली मुंबई-दिल्ली हे १,५४१ किलोमीटर अंतर ती साडेएकोणतीस तासांत कापत असे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच वेळ २७ तास १० मिनिटांवर आला, तोही मध्ये अठरा थांबे घेऊन. हे आकडे मी पुन्हा वापरणार आहे, म्हणून लक्षात असू द्यावेत.

वेगाची सगळी परीक्षा होत असे ती सुरुवातीच्याच टप्प्यात, कसारा ते इगतपुरी. सोळा-सतरा किलोमीटरहून कमी अंतरात गाडीला सुमारे तीनशे मीटर वर चढायचे असते. चढण ३७ ला १, म्हणजे सदतीस पावले पुढे गेले की एक पाऊल वर. पायी माणसाला हे काहीच वाटत नाही. पण गुळगुळीत रुळावर गुळगुळीत पोलादी चाक ठेवून शेकडो टन वर न्यायचे तर ही चढण देशातल्या सर्वांत अवघड चढणींपैकी आहे. म्हणून कसाऱ्याला लांब पल्ल्याची बहुतेक प्रत्येक गाडी थांबते. पुढचे इंजिन असतेच, शिवाय मागून ढकलायला बँकर लागतात. हे आजही बघता येते. गाडी फलाटावर थबकली की मागून दोन-तीन इंजिने एकमेकांना जोडलेली, माणसाच्या चालीच्या वेगाने सरकत येतात. शेवटच्या डब्याच्या मागे हात उंचावून उभा असलेला माणूस ती चार हातांवर आली की हात खाली करतो. जोडणी लागल्याचा जड आवाज येतो, सगळ्या गाडीला एक हिसका बसतो, झोपलेली माणसे कूस बदलतात. मग ब्रेकची तपासणी, गार्डाची खूण, पुढच्या इंजिनाची शिटी आणि तिला मागच्यांचे उत्तर. दोन्ही टोकांच्या माणसांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. शिटीवरच भरवसा ठेवून पुढचा ओढतो आणि मागचा ढकलतो.

मग बोगद्यांमागून बोगदे येतात आणि मध्येच एहेगावचा पूल, दरीच्या तळापासून पंचावन्न मीटर उंच. वाफेच्या जमान्यात बोगदा येण्याआधी खिडक्या खाली ओढायची घाई उडे. एखादी राहिली तर डबाभर धूर आणि कपड्यांवर कोळशाचे कण. घाटात जागोजाग चढणीचे आंधळे फाटे काढून ठेवले आहेत, उतरताना एखादी गाडी हातातून सुटलीच तर ती तिकडे वळवून थोपवता यावी म्हणून. १९३० च्या सुमारास इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा आल्या आणि घाटातला धूर संपला. तेव्हापासून कित्येक वर्षे इगतपुरी हे इंजिन बदलायचे ठाणे झाले: मुंबईकडून विजेवर यायचे, इथे वाफेचे इंजिन घ्यायचे. पुढे भुसावळपर्यंत वीज गेली तरी प्रश्न मिटला नाही, कारण तेव्हा मुंबईची वीज दीड हजार व्होल्टची एकदिश आणि इगतपुरीच्या पलीकडची पंचवीस हजार व्होल्टची प्रत्यावर्ती. मग दोन्ही विजांवर चालणारी इंजिने आली. एवढ्या सगळ्या काळात बदलला नाही तो घाट आणि बदलले नाहीत ते मागचे बँकर.

घाट चढला की देवळाली. तिथे गोऱ्या पलटणींची मोठी छावणी होती. बोटीने आलेले सोल्जर आधी तिथे राहत आणि मग सरहद्दीकडे रवाना होत. १९२५ साली खैबरखिंडीतून लंडीकोतलपर्यंत रूळ गेले आणि पेशावरपुढचा सरहद्दीचा टापूही रेल्वेच्या टप्प्यात आला. १९२८ च्या सप्टेंबरात बी.बी.सी.आय.ने आपली फ्रंटियर मेल सुरू केली. ती दिसायला देखणी, नावाला भारी आणि पश्चिम किनाऱ्याने बडोदा-कोटामार्गे घाट टाळून जाणारी. साहेबलोकांचा ओढा तिच्याकडे गेला. चर्चगेटच्या त्यांच्या कचेरीवर तिच्या आगमनाची वर्दी दिवे लावून देत, असे सांगतात. माझ्या मते पंजाब मेलच्या आयुष्यात याहून चांगले काही घडले नाही. बड्यांची नजर दुसरीकडे वळली आणि हिचे दरवाजे इतरांसाठी किलकिले झाले.

थोडे थांबून या वाटेवरच्या मराठी माणसांकडे बघू. मुंबई-दिल्ली मार्गावरची गावे एकेक करून म्हणून पाहा: बऱ्हाणपूर, भोपाळ, विदिशा, झाशी, दतिया, ग्वाल्हेर. अठराव्या शतकातल्या मराठी सत्तेच्या वाटेवरची ही गावे. नेवाळकरांची झाशी, शिंद्यांचे ग्वाल्हेर. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे होती, आहेत. माहेर नाशिकचे आणि सासर ग्वाल्हेरचे, आजोळ जळगावचे आणि घर झाशीचे, अशा नात्यांची वीण या गाडीने घट्ट ठेवली. ग्वाल्हेरचे गाणे महाराष्ट्रात आणायला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना एकोणिसाव्या शतकात किती पायपीट आणि हालअपेष्टा सोसाव्या लागल्या ते संगीताच्या इतिहासात नोंदले आहे. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय काढले ते लाहोरात. कुरुंदवाडचा एक तरुण लाहोरात मोठी संगीतशाळा चालवतो आणि १९०८ साली मुंबईत तिचा विस्तार करतो, हे रेल्वेशिवाय घडणे अवघड होते. पुढे तिसाच्या दशकात घर सोडून निघालेला गदगचा भीमसेन जोशी नावाचा मुलगा गुरू शोधत बिनतिकीट, तिकीट तपासनिसांना गाणी ऐकवत ग्वाल्हेरला आणि मग जालंधरपर्यंत पोहोचला. तो कुठल्या गाड्यांत बसला याची यादी नाही. पण मुंबईकडून ग्वाल्हेरला जाणारी रुळांची वाट हीच.

बिनतिकीट पोराला जागा मिळावी असा डबा या मेलला मात्र उशिराच जोडला गेला. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला लागू लागले ते १९३० च्या दशकाच्या मध्यावर. तिसऱ्या वर्गाची अवस्था काय होती हे गांधीजींनी १९१७ सालीच जाहीरपणे लिहिले होते. मुंबई-मद्रास प्रवासाचा स्वतःचा अनुभव सांगून त्यांनी गर्दी, घाण आणि संडासांची दुर्दशा मांडली होती. रेल्वे कंपन्यांचे बहुतांश उत्पन्न याच प्रवाशांकडून येई, तरी त्यांच्यासाठी खर्च करायला कंपन्यांचा हात आखडता असे. फलाटांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असे वेगवेगळे पाणी घेऊन माणसे फिरत. उन्हाळ्यात पहिल्या वर्गाच्या खोलीत बर्फाच्या लाद्या ठेवल्या जात आणि तिसऱ्या वर्गात फिरकीच्या तांब्यातले पाणी दुपारपर्यंत कोमट होई. वळकटीवर बसून, दशम्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन दोन रात्री काढणारी ही माणसे एकदा गाडीत चढली ती चढलीच. त्यानंतर ही गाडी पुन्हा कधी ९६ जणांची झाली नाही.

त्याआधीच या गाडीत राज्यकर्त्यांनाही भीती शिवून गेली होती. जुलै १९३१ मध्ये खांडव्याच्या परिसरात काही तरुण पंजाब मेलमधल्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या डब्यात शिरले. लेफ्टनंट हेक्स्ट मारला गेला, त्याचा सोबती जखमी झाला. खटला चालला आणि यशवंत सिंह व देवनारायण तिवारी या दोघांना जबलपूरच्या तुरुंगात फाशी झाली. त्याच महिन्यात पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळी झाडली होती. चार महिन्यांपूर्वीच लाहोरात भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर गेले होते. देशभरच्या तरुणांच्या मनात काय खदखदत होते, ते या घटनांवरून दिसते. ज्या पहिल्या वर्गाच्या बंद दारामागे साहेब निर्धास्त झोपत असे, ते दार आता पुरेसे राहिले नव्हते.

१९४५ साली मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला. दोन वर्षांनी तिच्या मार्गाचा शेवटचा टप्पाच परदेशात गेला.

फाळणीच्या रेल्वेगाड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते वाचवत नाही. लाहोर आणि अमृतसरच्या फलाटांवर १९४७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात प्रेतांनी भरलेल्या गाड्या आल्या. ज्या नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या रुळांवर ही मेल दिल्लीपुढे धावत असे, त्या रेल्वेचीच वाटणी झाली: इंजिने, डबे, कारखाने, कर्मचारी. फिरोजपूर कोणाकडे जाणार याचा निकाल शेवटपर्यंत हेलकावे खात राहिला. सतलजचे कालव्यांचे मुख्य बांध तिथे होते, दारूगोळ्याचे कोठार होते. १७ ऑगस्टला रॅडक्लिफची रेषा जाहीर झाली तेव्हा शहर भारतात आले आणि सरहद्द शहराच्या वेशीशी येऊन ठेपली. पेशावरची मेल फिरोजपूरची झाली. लाहोर, रावळपिंडी, अटक ही नावे तिच्या वेळापत्रकातून गेली. नाव तेवढे तेच राहिले, कारण अर्धा का होईना, पंजाब तिच्याकडे उरला होता.

मुंबईत जी निर्वासित कुटुंबे आली त्यातल्या पंजाब्यांची मोठी वस्ती सायन कोळीवाड्याला लष्करी बराकींतून वसली. आज त्या भागाला गुरू तेगबहादूर नगर म्हणतात. सिंधी कल्याणच्या छावणीत गेले आणि तिथे उल्हासनगर उभे राहिले. कल्याणला मेल तेव्हाही थांबत असे. तिथून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांत आता दिल्ली-पंजाबात नातेवाईक विखुरलेली माणसे होती. कोणी लग्न जमवायला निघालेले, कोणी हरवलेल्या भावाचा शोध लागतो का ते पाहायला.

नंतरची वर्षे भराभर सांगता येतात. १९६८ मध्ये झाशीपर्यंत डिझेल इंजिन आले, मग दिल्लीपर्यंत, आणि १९७६ मध्ये थेट फिरोजपूरपर्यंत. १९७२ साली मुंबई-दिल्ली राजधानी एक्स्प्रेस सुरू झाली, तीही पश्चिम रेल्वेच्या मार्गाने, आणि उरलेसुरले घाईचे व पैशाचे प्रवासी तिकडे गेले. २०२० च्या डिसेंबरात पंजाब मेलला नवे एल.एच.बी. डबे मिळाले.

आता ते मघाचे आकडे. १९२० च्या दशकात १,५४१ किलोमीटर, २७ तास १० मिनिटे. भागाकार केला तर ताशी सुमारे ५७ किलोमीटर. आज मुंबई ते फिरोजपूर छावणी १,९३० किलोमीटर, सुमारे ३४ तास. भागाकार करा, पुन्हा ५७ च्या आसपास. शंभर वर्षे गेली, वाफ गेली, डिझेल आले, मग वीज आली, इंजिनाची ताकद कैक पटींनी वाढली, आणि गाडीचा सरासरी वेग जिथल्या तिथे. पूर्वी अठरा थांब्यांत दिल्ली येई, आज साऱ्या वाटेवर पन्नासहून जास्त थांबे आहेत. इंजिनांनी कमावलेली सगळी ताकद या थांब्यांवर खर्च झाली.

वेगाच्या भक्तांना यात अधोगती दिसते. रेल्वेवर लिहिणाऱ्यांतही पंजाब मेलच्या ‘वैभवाचे दिवस’ म्हणून ते सहा डबेच आठवायची रीत आहे. मला ते पटत नाही. थांब्यांची यादी नीट वाचावी. चाळीसगाव, हरदा, गंजबासोदा, ललितपूर, डबरा, मुरैना, धोलपूर, कोसीकलाँ. दिल्लीच्या पुढे बहादूरगड, रोहतक, जिंद, नरवाना, टोहाना, जाखल, बुढलाडा, मानसा, भटिंडा, कोटकपुरा, फरीदकोट. १९१२ साली अशा गावांच्या अंगावर धूळ उडवून ती निघून जात असे. हरद्याच्या शेतकऱ्याला मुलाच्या उपचारांसाठी मुंबईला यायचे असते. परळच्या रुग्णालयापर्यंत बिनगाडीबदलाची एक रात्र, यापलीकडे त्याला काही नको असते. मानसाच्या फौजीला देवळालीच्या तोफखाना शाळेत हजर व्हायचे असते. भुसावळ-जळगावच्या केळीवाल्याला दिल्लीच्या बाजारात स्वतः जाऊन हिशेब मिटवायचा असतो. थांबा मिळावा म्हणून या गावांनी अर्ज केले, खासदारांकडे खेटे घातले, तेव्हा कुठे दोन-दोन मिनिटे त्यांच्या वाट्याला आली. १९१२ सालच्या त्या प्रवाशाची काही मिनिटे उशिराने हुकली होती. पुढच्या शंभर वर्षांत गाडीने तशी मिनिटे धोलपूरला आणि बुढलाड्याला वाटून दिली. ती तिथेच जायला हवी होती.

शेवटचे स्थानक फिरोजपूर छावणी. मुंबईहून संध्याकाळी सुटलेली मेल तिसऱ्या दिवशी पहाटे तिथे पोहोचते आणि मोठी गाडी म्हणून तिचे काम संपते. पण रूळ संपत नाहीत. ते आणखी दहा-अकरा किलोमीटर सतलजच्या काठापर्यंत, हुसैनीवालापर्यंत जातात. पूर्वी इथून नदीवरच्या कैसर-ए-हिंद पुलावरून कसूर आणि पुढे लाहोर गाठता येई. १९७१ च्या युद्धात त्या पुलाची वाताहत झाली. पलीकडे पाकिस्तानचे गंडासिंगवाला आहे.

या काठावरच २३ मार्च १९३१ च्या रात्री भगतसिंग, सुखदेव आणि शिवराम हरी राजगुरू यांचे देह लाहोरच्या तुरुंगातून गुपचूप आणून घाईघाईने जाळले गेले. राजगुरू खेडचे, पुण्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचे. त्यांच्या गावाला आता राजगुरुनगर म्हणतात. फाळणीत ही जागा पाकिस्तानच्या हद्दीत गेली होती. १९६१ साली सुलेमानकी बांधाजवळची बारा गावे देऊन भारताने ती परत घेतली आणि १९६८ मध्ये तिथे स्मारक उभे राहिले. भगतसिंगांचे सहकारी बटुकेश्वर दत्त यांच्यावर १९६५ मध्ये त्यांच्याच इच्छेनुसार इथे अंत्यसंस्कार झाले.

हुसैनीवालाच्या फाट्यावर रोजची गाडी नाही. दर २३ मार्चला आणि बैसाखीला रेल्वे फिरोजपूरहून खास गाड्या सोडते. आसपासच्या गावांतून माणसे लेकराबाळांसह येतात, डबे खचाखच भरतात. महाराष्ट्रातून जाणाऱ्याने मार्चच्या २१ तारखेची पंजाब मेल धरावी. ती २३ ला पहाटे फिरोजपूर छावणीला उतरवते आणि हुसैनीवालाची गाडी त्याच स्थानकातून मिळते.